व्याज गळाले, स्तुती उरली

ब्रिटनमध्ये ७ जून २००१ रोजी झालेली सार्वत्रिक निवडणूक मजूर पक्षाने लागोपाठ दुसऱ्यांदा जिंकली. त्याच महिन्याच्या अखेरीस लंडनच्या 'गार्डियन' दैनिकात ८५ वर्षांच्या एका लेखकाने पंतप्रधान टोनी ब्लेअर यांना एक विनंती केली. ती एखाद्या कायद्याविषयी वा कराविषयी नव्हती. एका शब्दाविषयी होती. 'मेरिटॉक्रसी' हा शब्द पंतप्रधानांनी आपल्या जाहीर भाषणांतून काढून टाकावा, निदान त्याची दुसरी बाजू तरी मान्य करावी, असे त्यांचे म्हणणे होते. ब्लेअर हा शब्द अभिमानाने वापरीत. माणसाची किंमत जन्मावरून न करणारा आणि गुणांना वाव देणारा समाज, असा त्यांचा अर्थ. लेखकाची तक्रार अशी की, हा शब्द मुळात गौरवासाठी घडवलेलाच नव्हता. त्यात इशारा होता आणि तो उपहासाच्या वेष्टनात गुंडाळलेला होता.

तक्रार करण्याचा अधिकार त्यांच्याइतका दुसऱ्या कोणाला नव्हता. त्यांचे नाव मायकेल यंग. १९५८ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या 'द राइज ऑफ द मेरिटॉक्रसी' या पुस्तकामुळेच हा शब्द जगभर गेला. ॲलन फॉक्स यांनी त्याआधी दोन वर्षे एका लेखात तो वापरला होता आणि तोही नापसंतीनेच; तथापि तो रूढ केला यंग यांच्या पुस्तकाने. भविष्यातील एका अनिष्ट समाजाचे ते हसतहसत केलेले चित्रण आहे. वाचकांनी ते वाचून हसावे आणि हसताहसता अस्वस्थ व्हावे, अशी लेखकाची अपेक्षा. प्रत्यक्षात पुष्कळ वाचक त्या समाजाच्या प्रेमात पडले. पुस्तके वाचकांनी झिडकारल्याची उदाहरणे वाङ्मयाच्या इतिहासात उदंड आहेत. पुस्तक डोक्यावर घ्यावे आणि त्याचा अर्थ मात्र नेमका उलटा करावा, असे क्वचितच घडते. हे ज्यांच्या हातून घडले ते वाचक मंदबुद्धीचे नव्हते. ते आपल्या पिढीतले सर्वांत हुशार लोक होते आणि घोटाळ्याचे मूळ त्यांच्या हुशारीतच आहे.

भविष्यकाळाचा इतिहास

यंग हे केवळ लेखणीचे धनी नव्हते. १९४५ साली ज्या जाहीरनाम्याच्या बळावर ॲटली यांचा मजूर पक्ष सत्तेवर आला, त्याचा मसुदा प्रामुख्याने त्यांचा. पुढे पक्षाच्या कचेरीतून बाहेर पडून ते पूर्व लंडनच्या कामगार वस्तीकडे वळले. तेथील कुटुंबजीवनावरचा त्यांचा आणि पीटर विलमट यांचा ग्रंथ १९५७ साली निघाला. ब्रिटिश ग्राहकांची संघटना त्यांनी त्याच वर्षी उभी केली. मुक्त विद्यापीठाच्या कल्पनेच्या जनकांतही त्यांची गणना होते. समाजशास्त्रीय अहवालाची भाषा कशी असते, आकडे आणि तळटिपा कशा पेरतात, अप्रिय गोष्ट निर्विकारपणे कशी मांडतात, हे सारे त्यांना आतून ठाऊक होते. ही विद्या त्यांनी विनोदाच्या कामी लावली.

पुस्तक २०३४ साली लिहिले गेले आहे, अशी कल्पना आहे. निवेदक एक समाजशास्त्रज्ञ असून त्याचेही नाव मायकेल यंगच आहे. देशात असंतोष धुमसत आहे आणि त्याची कारणे शोधण्यासाठी हा विद्वान १८७० पासूनचा इतिहास सांगू लागतो. १८७० हे साल काल्पनिक नव्हे. त्या वर्षी इंग्लंडमध्ये प्राथमिक शिक्षणाचा कायदा झाला आणि सरकारी खात्यांत वशिल्याऐवजी स्पर्धा परीक्षेने प्रवेश देण्याचे ठरले. निवेदकाच्या मते तेथून पुढचा रस्ता सरळ प्रगतीचा आहे. उमरावाच्या मठ्ठ मुलाची खुर्ची हमालाच्या हुशार मुलाला मिळाली. बुद्ध्यंक आणि परिश्रम यांची बेरीज म्हणजे गुणवत्ता, हे समीकरण राष्ट्राने स्वीकारले आणि ज्याची जितकी बेरीज तितकी त्याची पायरी ठरू लागली.

येथपर्यंत वाचकाला आक्षेप घेण्यासारखे काही दिसत नाही. मग हळूहळू गंमत सुरू होते. मुलांच्या बुद्धीची चाचणी अकराव्या वर्षी होत असे. शास्त्राची प्रगती होते तसे हे वय खाली येत जाते. ते तीन वर्षांवर येते आणि अखेर पूर्वजांच्या बुद्ध्यंकावरून न जन्मलेल्या मुलाचे भवितव्य सांगण्याची सोय होते. वरच्या वर्गातील आईबापांच्या पोटी मंद मूल आले, तर ते भरघोस रकमेसह गरिबाघरी धाडून त्याच्या बदल्यात हुशार मूल आणण्याचा काळाबाजार सुरू होतो. बुद्धीने कमी पडणाऱ्यांना समाधान मिळावे म्हणून त्यांच्या शाळांत शरीरसौष्ठवाचा आणि खेळांचा महिमा शिकवला जातो. 'कामगार' हा शब्द अपमानास्पद वाटतो म्हणून सगळ्यांना 'तंत्रज्ञ' म्हणायचे ठरते आणि मजूर पक्षही त्यानुसार आपले नाव बदलतो. पगार सर्वांना सारखा देण्याचा कायदा होतो; वरच्या मंडळींना मात्र घर, नोकरचाकर, मेजवान्या आणि प्रवास हे सारे कामाची गरज म्हणून मालकाच्या खर्चाने मिळते. समतेचे तत्त्व असे अक्षरशः पाळले जाते.

निवेदकाला यातले काहीच विपरीत वाटत नाही, ही या पुस्तकातली खरी गंमत आहे. शासनव्यवस्थेचा तो निःसीम भक्त आहे. २००९ साली काही बंडखोरांनी काढलेल्या एका जाहीरनाम्याचा तो किंचित कीव करीत उल्लेख करतो. माणसाची किंमत केवळ बुद्धीवरून का करावी, असे त्या जाहीरनाम्यात विचारलेले असते. दयाळूपणा, धैर्य, सहृदयता, औदार्य यांना काही मोल आहे की नाही? सुरेख गुलाब फुलवणारा ट्रकचालक एखाद्या सचिवापेक्षा कमी प्रतीचा कशावरून? लेखकाचे हृदय या जाहीरनाम्यात आहे. निवेदक मात्र त्याला भाबडेपणा समजून पुढे जातो. त्यानंतर स्त्रियांच्या नेतृत्वाखाली आंदोलन उभे राहते आणि पीटरलू येथे विराट सभा ठरते. १८१९ साली मँचेस्टरच्या याच मैदानावर सुधारणा मागणाऱ्या जमावावर घोडदळ सोडण्यात आले होते. आपले विद्वान निवेदक निर्धास्त असतात. फारसे काही होणार नाही, असे त्यांचे शास्त्र सांगते. पुस्तकाच्या अखेरीस प्रकाशकाची तळटीप येते. पीटरलूच्या दंगलीत लेखक मारले गेल्यामुळे त्यांना मुद्रिते तपासण्यासाठी पाठवता आली नाहीत, असे ती कळवते. एका समाजशास्त्रज्ञाने आपल्या शास्त्राची याहून निर्दय थट्टा क्वचितच केली असेल.

अकरा नकार आणि एक गैरसमज

कोणत्याही पुस्तकाचे पहिले वाचक म्हणजे प्रकाशक. या पुस्तकाला अकरा प्रकाशकांनी नकार दिला. त्यांतल्या एकाने ते डॉक्टरेटचा प्रबंध समजून परत केले; आपली संस्था प्रबंध छापत नाही, असे त्याचे उत्तर होते. दुसऱ्या एकाला ते हक्स्लेच्या 'ब्रेव्ह न्यू वर्ल्ड'सारखी कादंबरी म्हणून नव्याने लिहून हवे होते. अखेर टेम्स अँड हडसन या संस्थेने ते काढले. १९६१ साली पेंग्विनची स्वस्त आवृत्ती निघाल्यावर त्याला मोठा वाचकवर्ग लाभला. ग्रीक आणि लॅटिन यांचा असा संकर केल्यास लोक हसतील, असे भाषेच्या एका जाणकाराने यंग यांना बजावले होते. लोक शब्दाला हसले नाहीत. दुर्दैवाने ते पुस्तकातल्या समाजालाही पुरेसे हसले नाहीत.

ज्यांना मर्म कळले असे वाचकही होते. १९४४च्या शिक्षण कायद्यानंतर इंग्लंडमध्ये अकराव्या वर्षीच्या परीक्षेने मुलांची विभागणी होत होती. चार-पाच मुलांमागे एक ग्रामर स्कूलमध्ये जाई. उरलेल्यांवर त्या कोवळ्या वयातच शिक्का बसे. ही पद्धत ज्यांना खुपत होती, त्यांना यंग यांच्या पुस्तकाने शस्त्र पुरवले. रेमंड विल्यम्स यांनी त्याच १९५८ साली आपल्या 'कल्चर अँड सोसायटी' या ग्रंथात शिडीच्या प्रतिमेवर टीका केली होती. शिडीवर माणूस एकटाच चढतो; खाली राहिलेल्यांचे काय, हा प्रश्न शिडी विचारीत नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय. १९६५ साली मजूर सरकारने सर्व मुलांसाठी एकाच प्रकारच्या शाळा काढण्याच्या सूचना स्थानिक संस्थांना दिल्या. हे एका पुस्तकाचे फळ नव्हते. परंतु पुस्तक ज्या वादात उतरले होते, त्या वादाचे हे एक वळण होते.

त्यानंतर मात्र वारे फिरले. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ डॅनियल बेल यांनी १९७२ साली या विषयावर प्रदीर्घ निबंध लिहिला. यंग यांची कथा त्यांना नीट माहीत होती. तरीही ज्ञानावर चालणाऱ्या नव्या समाजात गुणवत्तेनुसार श्रेणी अटळ आहे आणि ती न्याय्यही असू शकते, असा त्यांचा निष्कर्ष होता. बेल यांनी निदान वाद घातला. त्यांच्यामागून आलेल्या राजकारण्यांनी तेवढेही कष्ट घेतले नाहीत. शब्द उचलला आणि पुस्तक फडताळात राहू दिले. ब्लेअर यांनी तो आपल्या पक्षाचे ध्येय म्हणून मिरवला. थेरेसा मे यांनी सप्टेंबर २०१६मध्ये ग्रामर शाळांचा विस्तार सुचवताना, ब्रिटनला जगातील थोर 'मेरिटॉक्रसी' करण्याची प्रतिज्ञा केली. एक मजूर पक्षाचे, दुसऱ्या हुजूर पक्षाच्या. या एका बाबतीत उभयतांचे एकमत होते.

व्याजस्तुतीचा धोका

असे का व्हावे? पहिले कारण पुस्तकाच्या घडणीत आहे. मराठी शाळांत शिकवल्या जाणाऱ्या अलंकारांत व्याजस्तुती नावाचा एक अलंकार आहे. वरवर स्तुती करायची आणि आतून निंदा. यंग यांचे पुस्तक म्हणजे पहिल्या पानापासून शेवटच्या तळटिपेपर्यंत चाललेली व्याजस्तुती आहे. या अलंकाराचा धोका असा की, त्यातले व्याज वाचकाला स्वतःच ओळखावे लागते. ते सुटले की नुसती स्तुती उरते. स्विफ्टचे 'गलिव्हर्स ट्रॅव्हल्स' १७२६ साली निघाले तेव्हा आयर्लंडमधील एका बिशपने त्यातल्या गोष्टी असंभाव्य असून आपला त्यांवर विश्वास बसत नसल्याचे सांगितले, असे स्विफ्टने कवी अलेक्झांडर पोप यांना कळवले होते. बिशपही थट्टाच करीत असतील; पण उपहास शब्दशः घेतला तर काय होते, याचे ते चांगले उदाहरण आहे.

विडंबनाची गोष्टही अशीच आहे. मूळ माहीत असेल तरच विडंबन कळते. 'झेंडूची फुले' वाचून महाराष्ट्र हसला, कारण रविकिरण मंडळाच्या कवितेची लकब त्या वाचकांच्या कानांत ताजी होती. यंग यांनी विडंबन केले ते समाजशास्त्रीय प्रबंधाचे. ज्याने प्रबंध वाचलेले नाहीत त्याला ते रूक्ष वाटणार आणि जो प्रबंधांतच राहतो त्याला ते खरे वाटणार. प्रबंध समजून ते नाकारणारा प्रकाशक हा या दृष्टीने पुस्तकाचा सर्वांत प्रामाणिक टीकाकार म्हणता येईल.

पण एवढ्याने उलगडा होत नाही. भविष्याच्या भयचित्रांचे वाचक सहसा गोंधळत नाहीत. ऑर्वेलचे '१९८४' वाचून कोणत्याही पक्षाने आपल्या जाहीरनाम्यात 'बिग ब्रदर'चे आश्वासन दिलेले नाही. १९९९ साली नेदरलँड्समध्ये त्या नावाचा दूरचित्रवाणी कार्यक्रम निघाला आणि २०१८मध्ये 'बिग बॉस'च्या रूपाने तो मराठीतही आला, हे खरे. चोवीस तास पाळत ठेवणारी नजर घरोघरी रात्रीच्या जेवणाबरोबर करमणूक म्हणून स्वीकारली गेली, यातही ऑर्वेलचा एक पराभव आहे. परंतु त्या कार्यक्रमाला कोणी आदर्श राज्यव्यवस्था म्हटलेले नाही. यंग यांच्या वाट्याला आलेला पराभव अधिक खोल आहे आणि त्याचे कारण घडणीत नाही, वाचकांत आहे.

'१९८४'चा वाचक स्वतःला छळ सोसणाऱ्या नायकाच्या जागी पाहतो. यंग यांचे पुस्तक ज्यांच्या हाती पडले ते प्राध्यापक, पत्रकार, सनदी अधिकारी आणि मंत्री स्वतःला कोठे पाहणार? ते सारे परीक्षा उत्तीर्ण झालेले. पुस्तकात ज्या वर्गाची टर उडवली आहे, तोच पुस्तकाचा वाचकवर्ग होता. आरशात पाहणाऱ्याला आरशाचा राग येण्याची एक शक्यता असते. दुसरी शक्यता अशी की, त्याला स्वतःचे रूप आवडते. येथे दुसरे घडले. आपण जेथे पोहोचलो तेथे केवळ स्वतःच्या बुद्धीने आणि कष्टाने पोहोचलो, हे ऐकायला कोणाला आवडत नाही? जुन्या उमरावाला मनाच्या कोपऱ्यात ठाऊक असे की, आपले वैभव हा जन्माचा अपघात आहे. नव्या गुणवंताला ती टोचणी उरत नाही. यंग यांनी नेमकी ही टोचणी जाण्याचीच भीती घातली होती आणि ती ज्यांची गेली होती, त्यांनाच ते वाचायला दिले होते.

खाली राहिलेल्यांची बाजू याहून कठीण आहे. जुन्या व्यवस्थेत हमाल म्हणू शकत असे की, संधी मिळाली असती तर मीही साहेब झालो असतो. ती व्यवस्था अन्यायी होती. पण तिने त्याचा स्वाभिमान शिल्लक ठेवला होता. नवी व्यवस्था त्याला सांगते की, तुला संधी दिली होती, तुझी परीक्षाही घेतली आणि तू कमी पडलास. अन्यायाविरुद्ध लढता येते. स्वतःच्या निकालाविरुद्ध कोण लढणार? यंग यांच्या विनोदाच्या तळाशी हे दुःख आहे. २००१च्या लेखात त्यांनी त्याची राजकीय बाजूही दाखवली. ॲटली मंत्रिमंडळातील अर्नेस्ट बेव्हिन यांनी अकराव्या वर्षी आणि हर्बर्ट मॉरिसन यांनी चौदाव्या वर्षी शाळा सोडली होती. पुढे एक परराष्ट्रमंत्री झाला, दुसरा उपपंतप्रधान. परीक्षेने हुशार मुले लहानपणीच वेचून वरच्या वर्गात नेली, तर खालच्या वर्गाला असे पुढारी मिळणार कोठून, असा त्यांचा प्रश्न होता.

नियतीलाही विनोदबुद्धी असावी. पुस्तकातल्या नव्या सत्ताधाऱ्यांचा बालेकिल्ला लॉर्ड्स सभागृह आहे. तेथे कर्तबगार माणसांना तहहयात उमराव म्हणून बसवले जाते. तहहयात उमरावांचा खराखुरा कायदा ब्रिटनमध्ये पुस्तकाच्याच वर्षी, १९५८ साली, झाला. वीस वर्षांनी यंग स्वतः त्याच वाटेने लॉर्ड झाले.

'गुण' या शब्दाचे दोन अर्थ

या साऱ्याशी भारताचा संबंध वाटतो त्याहून जवळचा आहे. यंग यांची कथा १८७० पासून सुरू होते. परंतु स्पर्धा परीक्षेचा प्रयोग इंग्रजांनी आधी केला तो हिंदुस्थानच्या सनदी नोकरीत. १८५३च्या कायद्याने ती खुल्या स्पर्धेला मोकळी झाली आणि १८५५ साली लंडनमध्ये पहिली परीक्षा झाली. सत्येंद्रनाथ टागोर यांनी १८६३ साली ती उत्तीर्ण होऊन पहिला भारतीय सनदी अधिकारी होण्याचा मान मिळवला. नियम सर्वांना सारखा होता. परीक्षेचे टेबल मात्र सात समुद्रांपलीकडे मांडलेले होते. परीक्षा भारतातही एकाच वेळी घ्यावी, ही दादाभाई नौरोजी आणि राष्ट्रसभेची मागणी प्रत्यक्षात यायला १९२२ साल उजाडावे लागले. दार उघडे असणे आणि दारापर्यंत पोहोचता येणे यांतला फरक या देशाने इंग्लंडच्या आधी अनुभवला.

यंग यांचा विनोद समजण्याची सोय तर मराठी भाषेतच आहे. 'गुण' म्हणजे परीक्षेतले मार्क आणि 'गुण' म्हणजे चांगुलपणा, हे दोन्ही अर्थ मराठीने एकाच शब्दात ठेवले आहेत. शंभरपैकी नव्वद गुण मिळवणारा तो गुणवंत, आणि आईवडिलांची सेवा करणारा तोही गुणीच. एकाच्या जागी दुसरा अर्थ केव्हा येऊन बसतो, ते बोलणाऱ्याच्याही लक्षात येत नाही. यंग यांनी ज्या फसवणुकीवर अख्खे पुस्तक लिहिले, ती मराठी माणूस रोज दोन अक्षरांत उच्चारतो. 'मेरिटॉक्रसी'ला मराठीत गुणवत्ताशाही म्हणतात. 'शाही' हा प्रत्यय मराठीत निर्मळ राहिलेला नाही. लोकशाही वगळली तर हुकूमशाही, नोकरशाही, घराणेशाही ही त्याची भावंडे. इंग्रजीत जी नांगी गळून पडली, ती मराठी शब्दात अजून जाणवते.

तरीही महाराष्ट्राने हा विनोद ओळखला, असे म्हणवत नाही. एके काळी शालान्त परीक्षेच्या निकालाबरोबर गुणवत्ता यादी लागे आणि पहिल्या आलेल्यांची छायाचित्रे वृत्तपत्रांत झळकत. ती यादी बंद झाली. वृत्ती बंद झाली नाही. लातूरपासून मुंबईपर्यंत खासगी शिकवणीवर्गांच्या फलकांवर 'नीट' आणि 'जेईई' या परीक्षांतील यशस्वी चेहरे झळकतात. न झळकलेल्या चेहऱ्यांना फलक नसतात. चाचणीचे वय खाली आणण्याची यंग यांची कल्पना अतिशयोक्ती वाटत असेल, तर शाळेच्या खालच्या वर्गांपासूनच अभियांत्रिकी-वैद्यकीय प्रवेशाचा 'पाया' घालून देणाऱ्या वर्गांच्या जाहिराती पाहाव्यात.

आरक्षणाच्या वादात तर 'मेरिट' हा शब्द शस्त्रासारखा वापरला जातो. एक बाजू म्हणते, गुणवत्ता मारली जाते. दुसरी विचारते, गुणवत्ता म्हणजे काय आणि ती मोजायची कोणी? जानेवारी २०२२मध्ये वैद्यकीय पदव्युत्तर प्रवेशातील इतर मागासवर्गीयांचे आरक्षण वैध ठरवताना सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, खुल्या स्पर्धा परीक्षेतील कामगिरी म्हणजेच गुणवत्ता, अशी संकुचित व्याख्या करता येत नाही. परीक्षेच्या निकालामागे कुटुंबाची स्थिती, शिक्षणाची सोय आणि वारशाने आलेली सांस्कृतिक पुंजी उभी असते. या निर्णयाशी कोणी सहमत असो वा नसो, प्रश्न तोच आहे, जो यंग यांच्या बंडखोरांनी विचारला होता.

विनोदाचा खरा वाचक

येथे दुसरा एक गैरसमज टाळला पाहिजे. यंग परीक्षांचे वा कर्तबगारीचे शत्रू नव्हते. योग्य माणसाला त्याच्या लायकीचे काम मिळावे, हे शहाणपणाचे आहे, असे त्यांनी २००१च्या लेखातही स्पष्ट म्हटले होते. शस्त्रक्रिया करणारा हात सोडत काढून निवडावा, असे कोणी म्हणणार नाही. वशिल्याचे आणि घराण्याचे राज्य त्यांना नको होतेच. त्यांचा आक्षेप पुढच्या पायरीवर होता. एका कामातली लायकी म्हणजे माणूस म्हणून श्रेष्ठत्व असे मानले जाते; मग श्रेष्ठांचा एक वर्ग होतो; तो वर्ग आपल्या मुलांसाठी शिकवण्या, शाळा आणि ओळखी यांची तटबंदी उभारतो; आणि दोन पिढ्यांत गुणवत्ताशाहीची घराणेशाही होते. पुस्तकातही शेवटी हेच घडते. वरच्या वर्गातील काही मंडळी आपली पदे वंशपरंपरेने चालावीत अशी मागणी करू लागतात आणि असंतोषाचा भडका उडतो.

अलीकडे पुस्तकाला नवे वाचक मिळत आहेत. हार्वर्डचे तत्त्वज्ञ मायकेल सँडेल यांनी २०२०च्या आपल्या 'द टिरनी ऑफ मेरिट' या ग्रंथात यंग यांची आठवण करून दिली. यंग यांनी २०३४ साली होईल म्हटलेले बंड अठरा वर्षे आधीच झाले, असे त्यांचे मत. २०१६ साली ब्रिटनने युरोपीय संघातून बाहेर पडण्याचा कौल दिला आणि अमेरिकेने डोनाल्ड ट्रम्प यांना निवडून दिले, त्यास उद्देशून हे विधान आहे. त्या मतदानाला कारणे अनेक होती. ती एका सूत्रात बांधणे धाडसाचे ठरेल. तथापि त्या दोन्ही वेळी विद्वान मंडळी यंग यांच्या निवेदकासारखीच निर्धास्त होती, हे नाकारता येत नाही.

भविष्याविषयीच्या विनोदी कादंबरीची कसोटी ती भाकीत खरे करते की नाही, ही नव्हे. वाचकाला ती कोणावर हसायला लावते, ही तिची कसोटी. दुसऱ्यावर हसणे सोपे असते. हुकूमशहा, नोकरशहा, नवश्रीमंत यांच्यावरचा विनोद वाचकाला सहज रुचतो, कारण तो त्यांच्यात स्वतःला धरीत नाही. यंग यांनी वाचकाला स्वतःवर हसायला सांगितले. त्या निमंत्रणाला फार थोड्यांनी होकार दिला, म्हणून पुस्तक फसले असे म्हणता येईल. पण त्या नकाराने पुस्तकातला प्रत्येक शब्द खरा ठरवला. जो वर्ग आपल्यावरची थट्टा ब्रीदवाक्य म्हणून छातीवर लावतो, त्याच्याविषयी यंग यांना जे सांगायचे होते, ते त्या वर्गानेच सांगून टाकले. आता मुलाच्या गुणपत्रिकेवर सही करताना एखाद्या बापाच्या मनात 'गुण' या शब्दाचे दोन अर्थ क्षणभर वेगळे झाले, तर यंग यांना त्यांचा वाचक मिळाला, असे समजायला हरकत नाही.